दार उघडून ती पळत का नाही? बंद जागेतल्या थरारकथेचं गणित

बंद जागा, त्यात अडकलेली एक बाई आणि कित्येक महिने तिच्या मागावर असलेला माणूस. एवढ्या भांडवलावर उभ्या राहणाऱ्या कथा आणि चित्रपट ओटीटीवर ढिगाने आहेत. बघताना घरातलं कोणी तरी हमखास ओरडतं, "अगं, दार उघड आणि पळ ना!" प्रश्न भाबडा वाटतो, पण बोट नेमक्या जागेवर ठेवतो. लेखकाकडे त्याचं चोख उत्तर असेल तर प्रेक्षक जागचा हलत नाही. नसेल तर तो दहाव्या मिनिटाला पाणी प्यायला उठतो, आणि परत आल्यावर त्याचं काही बुडालेलंही नसतं.

हे उत्तर तयार कसं होतं, ते नाशिक आणि आसपासच्या जागा घेऊन पाहू. वाचणाऱ्याला आवडलेली कथा का आवडली हे त्यातून कळेल आणि दिवाळी अंकासाठी लिहायला बसलेल्याला आपली कथा कुठे गळतेय ते सापडेल.

## रहस्य, धक्का आणि ताण

हे तीन प्रकार सर्रास एकमेकांत मिसळले जातात. रहस्यात वाचकाला कमी माहीत असतं: खून झालाय, कोणी केला ते कळत नाही. धक्क्यात वाचकाला आणि पात्राला एकाच क्षणी कळतं: कपाट उघडलं, आत माणूस. ताणात वाचकाला पात्रापेक्षा जास्त माहीत असतं: कपाटात माणूस शिरताना आपण पाहिलाय आणि ती चादर काढायला कपाटाकडे निघाली आहे. धक्का दचकवून संपतो. ताण मात्र ती कपाटापर्यंत पोहोचेतो टिकतो, आणि मध्येच कुकरची शिट्टी झाली म्हणून ती मागे वळली तर आणखी लांबतो. बंद जागेतली पाठलागाची कथा मुख्यतः ताणावर चालते. धक्के दोन-तीन पुरतात. त्याहून जास्त वापरले की वाचक पुढच्या धक्क्याची तयारी करूनच बसतो.

आता स्टॉकर. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये त्याची व्याख्या आहे. स्त्रीने स्पष्ट नकार दर्शवूनही जो पुरुष तिच्याशी जवळीक साधण्यासाठी वारंवार तिचा पाठलाग करतो आणि संपर्क करतो किंवा तसा प्रयत्न करतो, तो या कलमात येतो. ती इंटरनेट, ईमेल वगैरे कसं वापरते यावर पाळत ठेवणाराही येतो. जुन्या भारतीय दंड संहितेत 2013 साली 354ड हे कलम घातलं गेलं होतं. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा 78 ने घेतली. लिहिणाऱ्यासाठी व्याख्येतला "वारंवार" हा शब्द फार कामाचा आहे. रस्त्यात अचानक हल्ला करणारा अनोळखी गुंड आणि स्टॉकर ही दोन वेगळी पात्रं आहेत. स्टॉकरला इतिहास असतो. तो बहुतेकदा ओळखीचाच निघतो: जुना मित्र, सहकारी, शेजारी. बंद जागेत दोघं समोरासमोर येतात तेव्हा त्याची तयारी महिनोन् महिने झालेली असते. तिची शून्य.

## भीती कुलपात नसते

नवखा लेखक आधी कुलूप लावतो. दार बंद, खिडकीला गज, फोन बंद, आणि समजतो की झालं काम. पण नुसतं अडकणं ही गैरसोय झाली. भीती येते ती त्याला काय माहीत आहे आणि तिला काय माहीत नाही, यातल्या तफावतीतून. आंधळी कोशिंबीर आठवा. डोळ्यांवर पट्टी असलेल्याला खोलीत कोणी कोंडलेलं नसतं. बाकीच्यांना तो दिसतो आणि त्याला ते दिसत नाहीत, एवढ्यावरच तो चाचपडतो. इथे पट्टी तिच्या डोळ्यांवर आहे आणि खेळ थांबवा म्हणायची सोय नाही.

म्हणून लिहायला बसण्याआधी कागदावर तीन रकाने आखावेत: त्याला काय माहीत आहे, तिला काय, वाचकाला काय. प्रत्येक प्रसंगानंतर निदान एका रकान्यात भर पडली पाहिजे. सलग दोन प्रसंगांत तिन्ही रकाने जिथल्या तिथे राहिले तर त्यातला एक प्रसंग काढून टाकावा, मग तो कितीही देखणा उतरला असो.

त्याला माहिती मिळते कुठून, हेही दाखवावं लागतं. इथे बरेच जण त्याला हॅकर करून मोकळे होतात. प्रत्यक्षात माहिती उघड्यावर पडलेली असते. कॉलेज रोडच्या किंवा इंदिरानगरच्या कुठल्याही सोसायटीच्या गेटवर जाड रजिस्टर असतं आणि त्याला दोरीने बांधलेलं पेन. नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. सही करायला वाकलेल्या माणसाला वरच्या दहा ओळी आयत्या वाचायला मिळतात. वाचकाच्या घराखालीही तेच रजिस्टर असतं, त्यामुळे असा स्टॉकर हॅकरपेक्षा कितीतरी जास्त घाबरवतो.

## जागा निवडताना

जुन्या नाशकातला किंवा पंचवटीतला वाडा या कथेसाठी सोन्यासारखा आहे. त्याची सगळी सुरक्षा बाहेरच्या शत्रूसाठी बांधलेली असते. मोठ्या दरवाजाला आतून लाकडी अडसर, त्यातच वाकून जायची दिंडी, आणि भिंतीच्या जाडीत दडवलेला, एका वेळी एकच माणूस चढेल असा अरुंद जिना. कित्येक वाड्यांत या जिन्याच्या तोंडावर वरून पाडायची फळी असते. फळी पाडून तिच्यावर जड पेटी ओढली की खालच्याला वर येता येत नाही. पण स्टॉकर आधीच माडीवर असेल तर? मग तीच फळी त्याच्या हातात जाते. घराला जपणारी प्रत्येक वस्तू उलटते, आणि लेखकाला एकही कुलूप नव्याने लावावं लागत नाही.

कसारा घाटातली रेल्वेही मोहात पाडते. कसारा ते इगतपुरी चढ 37 मीटरला 1 मीटर इतका खडा आहे. वर येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं जोडतात, पुढे बोगदे लागतात आणि फोनची रेंज येत-जात राहते. पण डब्यात साखळी आहे, माणसं आहेत, 139 हा मदत क्रमांक आहे. रिकामा डबा दाखवला की रोज मुंबईला ये-जा करणारा नाशिककर पहिल्याच पानावर पुस्तक मिटतो. त्यापेक्षा डबा खच्चून भरलेला ठेवावा. तो समोरच्या बाकावर बसून फक्त बघतोय, काही बोलत नाही, हात लावत नाही. आता ती सहप्रवाशांना सांगणार काय? गर्दीतसुद्धा माणूस कोंडला जाऊ शकतो, आणि हा प्रकार अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही.

लिफ्टबद्दल थोडक्यात. दोर तुटून लिफ्ट कोसळणं, हवा संपून जीव गुदमरणं, हे दोन्ही सोडून द्यावं. लिफ्टला एकाहून जास्त दोर असतात, वेग मर्यादेबाहेर गेला तर पकड बसवणारी वेगळी यंत्रणा असते, आणि वीज गेली की ब्रेक आपोआप लागतो. डबा हवाबंद नसतो. नव्या इमारतींत तर वीज गेल्यावर बॅटरीवर जवळच्या मजल्याला येऊन दार उघडण्याची सोयही असते.

वायनरी हा खास आपल्याकडचा पर्याय, आणि तिथेच सगळ्यात मोठी चूक होते. जानेवारी ते मार्चच्या सुमारास द्राक्षाचा रस टाक्यांत आंबत असतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळघरात आणि जमिनीलगत साचतो. हवेत त्याचं प्रमाण 4 टक्क्यांवर गेलं की जिवाला तत्काळ धोका मानतात. आगीच्या धुरात खाली वाकून सरपटायचं असतं हे आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं, त्यामुळे नायिकाही टाकीमागे जमिनीवर आडवी होऊन लपते. इथे तेच जिवावर बेतेल. तिने उंच चढायला हवं, आणि उंच चढली की ती दिसणार. जागेच्या विज्ञानातून निघालेली अशी कोंडी कुठल्याही कुलपापेक्षा भारी असते.

## एक जागा शेवटपर्यंत उभी करून बघू

पिंपळगाव बसवंतच्या बाजूचं निर्यातीच्या द्राक्षांचं पॅकहाऊस घेऊ. हंगाम फेब्रुवारीचा, वेळ रात्रपाळी संपतानाची. आतलं शीतगृह 12 मीटर लांब, 8 मीटर रुंद. तापमान शून्याच्या आसपास, आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर, कारण हवा कोरडी झाली की द्राक्षाचा देठ सुकतो. पॅलेटवर बॉक्सच्या थप्प्या डोक्याहून उंच, मधे हवा खेळायला सोडलेल्या गल्ल्या. दार एकच, जाड इन्सुलेशनचं, रुळावर बाजूला सरकणारं. दारात प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा. ती इथली सुपरवायझर आहे, बॉक्सची मोजणी करायला आत आली आहे. तो कंटेनरचा ड्रायव्हर. तीन महिने तिच्या मागावर.

आता दाराला कुलूप लावायचा मोह आवरावा. अशा दारांना आतून उघडायची सोय ठेवलेली असते, आणि ती ठाऊक असलेले वाचक या जिल्ह्यात हजारो आहेत. दार लोटलेलं, पण बिनकुलपाचंच राहू दे. मग "पळ ना" या प्रश्नाचं उत्तर काय? साधा हिशेब. ती टोकाला आहे, दार 12 मीटरवर. ओल्या फरशीवर जपून धावली तर सेकंदाला 4 मीटर, म्हणजे 3 सेकंद. जड दार अंग घालून माणूस जाईल इतकं सरकवायला आणखी 4. एकूण 7 सेकंद. तो मधल्या गल्लीत, दारापासून 6 मीटरवर आहे. त्याच वेगाने दीड सेकंदात पोहोचतो, सोपं जावं म्हणून 2 धरू. तिला 5 सेकंद कमी पडतात.

झालं, कथा सापडली. पुढचं प्रत्येक पान म्हणजे ते 5 सेकंद मिळवायची धडपड. पाच मिळाले की ती सुटते, तीनच मिळाले तर पट्ट्यांच्या पडद्यात तिचा हात धरला जातो. हे आकडे कथेत छापायचे नसतात. लेखकाच्या वहीत मात्र असावेत, आलेखाच्या कागदावर काढलेल्या नकाशासकट. नकाशा नसला की सातव्या पानावर डावीकडे असलेलं दार अकराव्या पानावर उजवीकडे जातं. वाचकाला नेमकी चूक सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास तिथेच उडतो.

मग सेकंद मिळवायचे कसे? शीतगृहात पंख्यांचा अखंड घोंघाट असतो. त्यात तिची किंकाळी बाहेर जात नाही आणि त्याची पावलं तिला ऐकू येत नाहीत. पण थंड करणाऱ्या कॉइलवर बर्फ साचतो, तो वितळवण्यासाठी ठरावीक तासांनी यंत्रणा पंखे बंद करते. कामगार याला डीफ्रॉस्ट म्हणतात. साधारण वीस मिनिटं ते अर्धा तास. एका क्षणी घोंघाट बंद. मग कॉइलवरून ट्रेमध्ये पाण्याची ठिबक सुरू होते आणि बुटाखाली करकरणारा पुठ्ठ्याचा तुकडाही ऐकू येतो. ही वेळ तिला पाठ आहे, कारण दाराबाहेरच्या कंट्रोलरवर तीच ती लावते. त्याला माहीत नाही. तीन महिने त्याने तिचा अभ्यास केला. तिच्या कामाचा केला नाही. रकाने इथे उलटतात. पंखे थांबतील त्या क्षणी आपण कुठे उभं असायचं हे तिला आधी ठरवता येतं, त्याला नाही.

पण शांतता दोघांनाही सारखीच ऐकू येते. तिच्या खिशातल्या किल्ल्या, थंडीने वाजणारे दात, सगळं त्याच्याही कानावर जाणार. तिला मिळणारा फायदा असा महाग पडला पाहिजे, तरच तो खरा वाटतो.

शरीराचंही भान ठेवावं. साध्या स्वेटरवर शून्य अंशात काही मिनिटांत हुडहुडी भरते, ब्लोअरच्या झोतात आणखी लवकर. बोटं आधी निकामी होतात: बॉक्सची पट्टी कापायचं कटर हातात असूनही त्याचं पातं पुढे सरकवता येत नाही. गोठून मरायला मात्र वेळ लागतो. शरीराचं आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की धोका सुरू होतो, आणि तिथवर पोहोचायला जागत्या, हालचाल करणाऱ्या माणसाला बराच काळ लागतो. वीस मिनिटांत नायिका बेशुद्ध पडली तर डॉक्टर वाचक हसतील.

## "पण फोन का लावत नाही?"

दुसरा हमखास प्रश्न. "रेंज नव्हती" हे उत्तर वापरून वापरून गुळगुळीत झालंय. शीतगृहाच्या भिंतींना दोन्ही बाजूंनी धातूचे पत्रे असतात, त्यामुळे रेंज खरोखरच कमजोर होते. पण आपत्कालीन 112 चा कॉल आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या उपलब्ध नेटवर्कवरून जाऊ शकतो, आणि पॉवर बटण लागोपाठ दाबून तो लावण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते. वाचकाला हे माहीत आहे. म्हणून फोन हिरावून घेण्यापेक्षा कॉल लागू द्यावा. लागला, तर पोलीस यायला वेळ लागतोच, आणि तेवढा वेळ तिला आत काढायचा आहे. फोनच्या उजेडाने ती कोणत्या गल्लीत आहे हे त्याला कळतं. हातमोज्यातल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही, मोजा काढला तर बोटं गारठतात. थंडीत बॅटरीही झपाट्याने उतरते. फोन हाताशी आहे आणि वापरला की किंमत मोजावी लागते, ही स्थिती "रेंज नाही"पेक्षा किती तरी पटींनी ताण देते.

तपशिलात एक सांभाळावं. पिंपळगाव नाशिक ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतं. तिथे शहर आयुक्तालयाची गाडी धावत येताना दाखवू नये.

## "एकाच खोलीत शंभर पानं? कंटाळा येईल"

जागा बदलत नसली तरी जागेचा अर्थ बदलता येतो. मराठी रंगभूमीवर याचा उत्तम धडा आहे. विजय तेंडुलकरांचं 1967 चं 'शांतता! कोर्ट चालू आहे' थरारनाट्य नाही, पण त्यातली दाराची कडी बघावी. नाटकाच्या सुरुवातीलाच नायिका बेणारे हिचं बोट त्या कडीत सापडतं. कडी नीट सरकवली नाही तर दार ओढल्यावर बाहेरून लागून बसतं, हेही तेव्हाच सहज बोलण्यात येतं. प्रेक्षक विसरून जातो. पुढे ती घेरली जाते, बाहेर पडायला दाराशी धावते आणि दार उघडत नाही. लेखकाने आयत्या वेळी काही आणलेलं नसतं, म्हणून तक्रारीला जागा उरत नाही. आपल्या शीतगृहातला डीफ्रॉस्टही असाच, पहिल्या पाच पानांत, कोणी घाबरलेलं नसताना येऊन गेला पाहिजे. रागावलेला मॅनेजर ओरडतो, "कालचं टायमिंग का बदललं?" बस, एवढंच.

## "अशा कथा पाठलागाचं कौतुक करत नाहीत का?"

हा आक्षेप गंभीर आहे, आणि बऱ्याच कथांच्या बाबतीत खरा आहे. आपल्या लोकप्रिय सिनेमाने वर्षानुवर्षं नकार म्हणजे होकाराची पहिली पायरी असं शिकवलं. थरारपटांनी वेगळी चूक केली: स्टॉकरला अफाट हुशार, देखणा, जखमी मनाचा वगैरे केलं. शंभर पानं त्याच्या डोळ्यांनी तिच्याकडे बघितलं की वाचक नकळत त्याचा साथीदार होतो.

उपाय लेखनाच्या तंत्रातच आहे. त्याची हुशारी थेट दाखवू नये, तिच्या आयुष्यात झालेली पडझड दाखवावी. तिने बसथांबा बदललाय. सिम बदललंय. ओट्यापाशी उभं राहून चहा प्यायची सवय होती, आता ती स्वयंपाकघराचा दिवा लावत नाही. आईला काही सांगितलं नाही, कारण आई म्हणेल नोकरी सोड. त्याच्या प्रेमाचं वर्णन करण्यात पान घालवण्यापेक्षा यातली एक ओळ जास्त खरी आहे. आणि तो हुशार असण्याची गरजही नाही. चिकाटी पुरते. तेच जास्त भयंकर आहे.

कायद्याचा एक बारकावा कथेला फार मोठं इंधन देतो. कलम 78 खाली पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, आणि हा गुन्हा जामीनपात्र आहे. पुन्हा दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत, आणि तो अजामीनपात्र. म्हणजे तिने तक्रार केली, पोलिसांनी त्याला धरलं, आणि तो जामिनावर बाहेर आला, यात कोणालाही भ्रष्ट दाखवावं लागत नाही. तक्रार न करणारी मूर्ख नायिका लिहिण्याऐवजी तक्रार करून परत कामावर आलेली लिहिता येते. हे कलम पुरुषाने स्त्रीचा केलेला पाठलागच धरतं. पीडित पुरुष असेल तर कथेत धमकी, कोंडून ठेवणं अशी वेगळी कलमं आणावी लागतात. कोंडून ठेवण्यासाठी 127.

## शेवटी ती त्याला मारू शकते का?

स्वसंरक्षणाच्या हक्काला सीमा आहेत. शासकीय मदत घ्यायला वेळ होता तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, असं न्याय संहितेचं कलम 37 सांगतं. कलम 38 मात्र काही प्रसंगांत हा हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंत वाढवतं. त्यात मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, ॲसिडहल्ला यांची रास्त भीती आहे, आणि आपल्या विषयाला नेमका लागू पडणारा एक प्रसंगही आहे: सुटकेसाठी सरकारी यंत्रणेकडे दाद मागता येणार नाही अशी रास्त भीती वाटेल अशा परिस्थितीत कोंडून ठेवण्यासाठी केलेला हल्ला. कायद्याने बंद जागेचा वेगळा विचार केला आहे.

पण हा हक्क धोका असेतोवरच टिकतो. पॅलेटची थप्पी अंगावर पडून तो अडकला, हलू शकत नाही, आणि त्यानंतर तिने लोखंडी दांडा उचलला, तर तो बचाव राहत नाही. कित्येक कथा इथेच, टाळ्यांसाठी, नायिकेला खुनी करून टाकतात. तसं करायचंच असेल तर जाणून करावं आणि पुढचं प्रकरण तिच्या खटल्याचं लिहावं.

ती सुटली, तर नंतरच्या दोन पानांतही काटेकोरपणा हवा. तिचं घर नाशिक रोडला आणि घटना पिंपळगावची, तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार ती कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवू शकते. तिथून तो योग्य हद्दीत वर्ग होतो. शीतगृहाच्या तापमानाची नोंद यंत्रात होत असते, आणि दार उघडलं गेलं त्या वेळेला आलेखात उंचवटा उमटतो. तो कोणत्या मिनिटाला आत आला, ती कोणत्या मिनिटाला बाहेर पडली, हे त्यावरून काढता येतं. अशी इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात द्यायची तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यावर सही करायला त्या यंत्राचा ताबा असलेला माणूस लागतो. आपल्या कथेत तो टायमिंगवरून ओरडणारा मॅनेजर आहे.